हिराजीकाका आणि माझ्या लॅपटॉपची बिजागरी

हिराजीकाका कुणाच्याही घरी गेले की आधी दाराची बिजागरी बघतात, मग माणसं. दार उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात आणि घरच्यांना विचारतात, "थांबतंय कुठं?" यावर काय उत्तर द्यायचं, ते आमच्या गावात अजून कुणाला सुचलेलं नाही.

आमचं गाव धरमतरच्या खाडीकाठी. काका आमचे शेजारी. सत्तरीचे, अंगाने काटक, सदऱ्याच्या खिशात शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटली. डबा, कपाट, छत्री, चष्म्याची काडी, जे उघडतं आणि मिटतं ते त्यांच्या हातात गेलं की एकवीस वेळा उघडमिट झाल्याशिवाय परत मिळत नाही. एकवीसच का, असं विचारलं तर म्हणतात, "वीस वेळा कायपण टिकतं गो." त्यांच्या पुतणीला बघायला पाहुणे आले तेव्हा सगळे मुलाची नोकरी, शिफ्ट, कंपनी विचारत होते. काका अंगणात त्याच्या स्कूटरची डिकी वर-खाली करत होते. सतराव्या वेळी झाकण हातात आलं. लग्न मात्र झालं.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. त्यामुळे लॅपटॉप कसा निवडायचा हे विचारायला घरात कुणी नव्हतं. काका होते. आणि ते न विचारताच होते.

मला फिरणारा लॅपटॉप हवा होता. त्याचा स्क्रीन पूर्ण मागे वळतो आणि पाटीसारखा हातात धरता येतो, त्यावर पेनने आकृत्या काढता येतात. वर्गातल्या एकीकडे आहे. खरं सांगायचं तर आकृत्यांपेक्षा ती तो ज्या ऐटीत उलटा करते, ते मला जास्त आवडलं होतं. बाबा म्हणाले होते, "तुला पायजे तो घे, पण पदवीपर्यंत तोच चालवायचा." प्रोजेक्ट द्यायला पंधरा दिवस उरले होते.

पेणच्या दोन दुकानांनी आम्हाला ओळखून ठेवल्यावर काका आणि मी रेल्वेने रोह्याला निघालो. कासू स्टेशन येईपर्यंत काकांनी डब्यातली खिडकी नऊ वेळा वर-खाली केली. समोरच्या बाई म्हणाल्या, "बाबा, एकदाचं काय ते ठरवा. वारा हवाय की नकोय?"

रोह्याच्या दुकानातला मुलगा उत्साही होता. "काका, हा तीनशे साठ अंशात फिरतो. लॅपटॉप पण, टॅब पण. तंबूसारखा उभासुद्धा राहतो."

"तंबू कशाला? सर्कस हाय काय? थांबतंय कुठं ते सांग."

"थांबतच नाही, तीच तर मजा आहे!"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मुलाने स्वतःच गुन्हा कबूल केला होता. "दोन्हीकडं फिरतं ते दार नाय. आमच्या उघाडीचं दार आत वळलं असतं तर अख्खी खाडी भातात आली असती."

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दार. ओहोटीला शेतातलं पाणी त्याला ढकलून बाहेर जातं, भरती आली की खाडीच ते दाबून मिटवते. काकांनी पूर्वी बरीच वर्षं गावाची उघाडी सांभाळली होती. दुकानातल्या मुलाला यातलं काही कळलं नाही. काकांनी साधा, एकाच बाजूला उघडणारा लॅपटॉप पुढे ओढला आणि मोजायला सुरुवात केली. चौदाव्या वेळी मालक गल्ल्यावरून उठून आले.

"आजोबा, ही काय ट्रंक हाय?"

"ट्रंक बरी. ती थांबते."

आम्ही बाहेर. हात रिकामे.

घरी आल्यावर मी बाबांसमोर रडले. "मला काकांबरोबर कुठेच जायचं नाही! लॅपटॉप माझा आहे. त्यांचं काय अडलंय?"

बाबांनी मला जवळ बसवलं. मग म्हणाले, "मी नववीत होतो. उघाडीची बिजागरी करकरत होती. हिराजीदादाने ती ऐकली होती. म्हणाला, उद्या बघतो. त्याच दिवशी उधाण आलं, बिजागरी तुटली आणि खारं पाणी आपल्या शेतात घुसलं. तीन वर्षं भात पिकला नाय. माझी शाळा सुटली, मी बार्जवर माल उतरवायला लागलो."

"आपले आजोबा काय म्हणाले काकांना?"

"एक शब्द नाय. बोलले असते तर बरं झालं असतं."

मला त्या रात्री काकांचा राग आला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. थोडा आला. पण दोन दिवसांनी मीच त्यांच्या दारात गेले आणि म्हटलं, "काका, रोह्याला चला. सात राहिलेत."

या वेळी मी मालकांना आधीच हात जोडले. चौदाच्या पुढचे आकडे आम्ही दोघांनी मिळून मोठ्याने मोजले. एकवीस झाले. साधाच घेतला. तो फिरणारा शेजारीच तंबूसारखा उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं, लपवत नाही.

घरी येताच काकांनी खोका उघडून लॅपटॉप बाबांच्या पुढ्यात ठेवला. "किसना, तू उघड." बाबांनी आयुष्यात लॅपटॉपला हात लावला नव्हता. त्यांनी हात लुंगीला पुसले आणि हळूच झाकण वर केलं.

"थांबतंय कुठं?" काकांनी विचारलं.

"थांबला, दादा," बाबा म्हणाले. "बरोबर थांबला."

काकांनी मान हलवली. मग खिशातून तेलाची बाटली काढली.

"काका, नाही!" मी लॅपटॉप छातीशी धरला. "यात तेल नसतं घालायचं!"

"एक थेंब गो."

"एकपण नाही! घालायचं तर आमच्या दाराला घाला."

आमचं दार अजिबात करकरत नाही. तरी काका उठले आणि तिन्ही बिजागऱ्यांना एकेक थेंब घालू लागले. बाबा त्यांच्यासाठी दार धरून उभे राहिले.