आप्पांचं मोठं चाक

माझ्या लग्नात रुखवतावर एक मिक्सर होता. बोरीला सासरी पोचलो, माप ओलांडून मी आत आले, आणि कुंकवाच्या पाण्याने पाय ओले असतानाच माझे चुलत सासरे, म्हणजे आप्पा, तो मिक्सर घेऊन भिंतीपाशी बसले. त्यांनी खिशातून हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर काढला. टोक मिक्सरच्या अंगाला टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि बटण दाबलं. घरातली माणसं आपोआप गप्प झाली. पाठराखीण म्हणून आलेली माझी मावशी तर श्वास धरून उभी होती, जणू मलाच पुन्हा एकदा दाखवायला आणलंय. आप्पांनी बटण बंद केलं आणि निकाल दिला.

"बुश कच्चा हाय. पोरगी चांगली वाटती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बुश बदलून दिला. तो मिक्सर मी अजून वापरते. माझ्या बहिणींच्या घरी तेव्हापासून तीन-तीन झाले.

आप्पांचं आळेफाट्याला मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. कुकडी नदीच्या काठावरच्या निम्म्या पंपांच्या मोटरी कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेल्या असतील. शेतकरी टेम्पोतून मोटर उतरवायच्या आधीच आप्पा विचारायचे, "जळायच्या आधी ओरडली का कण्हली?" ओरडली म्हटलं की एक दुखणं, कण्हली म्हटलं की दुसरं. आणि वर त्यांचं ठरलेलं वाक्य, "आवाज सांगतो, राव. आपण फकस्त गप बसायचं."

दुकानापुरतं असतं तर ठीक होतं. पण आप्पा एसटीत चढायच्या आधी बॉनेटला कान लावत, आणि ड्रायव्हरची बोलणी खात. लग्नाच्या पंगतीत पंखा खरखरत असेल तर पान उचलून दुसऱ्या ओळीत बसत. एकदा त्यांना खोकला झाला. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, तर आप्पांनी हळूच विचारलं, "काय म्हणतंय बेरिंग?"

अशा माणसाच्या घरात पोरांनी हट्ट धरला की मुंबईला खाडीपलीकडे पाळण्यांचं मोठं पार्क झालंय, तिथं जायचं. घरात पोरं तीन, माझ्या दिरांची दोन आणि नणंदेचं एक. टीव्हीवर त्या पार्कची जाहिरात लागली की तिघंही ताटं सोडून पळायची. घर एकत्र होतं आणि आप्पा थोरले, तेव्हा परवानगी त्यांच्याकडूनच मिळायची. त्यांनी ती जाहिरात चार वेळा लक्ष देऊन बघितली.

"ह्याच्यात मशीनचा आवाजच न्हाई," ते म्हणाले. "नुसती गाणी. आवाज गाण्याखाली झाकलाय."

"मग जायचं का नाही?" माझे सासरे म्हणाले. हे आप्पांचे धाकटे भाऊ. मी त्यांना मामंजी म्हणायची. जीभ तिखट.

"मी जाऊन ऐकून येतो. मग बघू."

आणि ते खरंच गेले. तांब्याची तार आणायची म्हणून एका शनिवारी मुंबईची गाडी धरली आणि रविवारी संध्याकाळी परत आले. तार आणली होती, पण चेहरा पार उतरलेला होता. दोन दिवस त्यांनी दहीभाताखेरीज काही खाल्लं नाही. त्यांच्या बायकोला, मोठ्याईंना, वाटलं मुंबईचं पाणी बाधलं. आप्पा एवढंच म्हणाले, "ऐकलं सगळं. खालनंच ऐकलं. जायला हरकत न्हाई, पण रीतीनं जायचं."

ती रीत लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर बरं. शाळेची दोनशेपानी वही घेऊन मी समोर बसायची आणि आप्पा सांगायचे. पाळण्यांची इंग्रजी नावं त्यांना मंजूर नव्हती, म्हणून त्यांनी आपली ठेवली होती. उलटी गाडी, फिरती बशी, झोकांडी होडी आणि मोठं चाक.

"लिही, सूनबाई. उलटी गाडी. पैल्या डब्यात कोणी बसायचं न्हाई, मान मागं जाती. शेवटच्यात बी न्हाई, हिसका बसतो. तिसरा डबा. होडीत मधी बसायचं, टोकाला पोटात गोळा येतो. बशीत बसायच्या आधी दोन तास काय खायचं न्हाई. तुझ्या मामंजींना उलटी गाडी बंद, त्यांना शुगर हाय."

"माझी शुगर काय खिशातून सांडणारे का?" मामंजी पलीकडून म्हणाले.

"लिही. मामंजी, उलटी गाडी, बंद."

मग सराव सुरू झाला. आप्पांनी अंगणात दोन बाकं एकामागे एक ठेवली आणि पुढे धरायला बांबूची दांडी बांधली. संध्याकाळी सगळ्यांनी ठरलेल्या जागी बसायचं, दोन्ही हात दांडीवर, पाठ टेकलेली, जीभ दातांच्या आत. मोठ्याईंनी नऊवारीचा पदर कसा खोचायचा याचीसुद्धा तालीम झाली. रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघायची. मला आधी लाज वाटली. पण आठवड्याभरात पिंपळवंडीहून दोन पाहुणे मुद्दाम आले, त्यांनाही मुलांना घेऊन तिकडं जायचं होतं. आप्पांनी त्यांना तासभर सगळं समजावलं आणि माझ्याकडून वहीतलं उतरवून दिलं. जाताना एक पाहुणा म्हणाला, "भाऊ, तुमच्या घरच्यांचं बरं हाय. आमच्याकडं कोण एवढा इचार करतंय." त्या दिवसापासून मी वही छातीशी धरून फिरायला लागले.

मामंजींचं मत मात्र वेगळं होतं. "मशीन-बिशीन काय न्हाई," ते म्हणायचे, "आप्पाला उंचीची भीती वाटती. लहानपणी आंब्यावर चढलं की ह्याला उतरवायला दोघं लागायची."

ते खोटं नव्हतं. घराच्या पत्र्यावर वाळवण घालायलाही आप्पा शिडीच्या तिसऱ्या पायरीपुढे जात नसत.

शाळेच्या सुट्टीत आम्ही निघालो. बारा माणसं आणि भाड्याची ट्रॅक्स. आप्पांनी पहाटेच तिचं इंजिन ऐकलं होतं आणि ड्रायव्हरला फॅनबेल्ट बदलायला लावला होता. तो कुरकुरला, पण माळशेज घाटात दोन गाड्या बंद पडलेल्या दिसल्यावर त्यानेच आप्पांना पुढे बोलावून चहा पाजला. खाडी ओलांडायला लाँच होती. तिचंही इंजिन ऐकल्याशिवाय आप्पांनी कुणाला फळीवर पाय ठेवू दिला नाही. मागची रांग खोळंबली. आप्पांनी मान हलवली आणि आम्ही चढलो.

पार्कच्या फाटकावर रखवालदाराने स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. आप्पांनी त्याची पावती मागितली आणि मिळवली. मग दिवसभर ते प्रत्येक पाळण्याच्या कठड्याला तळहात टेकवून उभे राहिले. आम्ही वहीप्रमाणे तिसऱ्या डब्यात, होडीच्या मध्ये, बशीत उपाशीपोटी. आमच्या आजूबाजूला माणसं ओरडत होती, उलट्या करत होती, आणि आमची बारातली अकरा माणसं पाठ टेकून, जीभ आत ठेवून, शिस्तीत मजा करत होती. एक शहरी बाई मला म्हणाली, "तुम्ही नेहमी येता वाटतं?" मी हो म्हणाले. खोटं बोलले, पण मला फार बरं वाटलं.

जेवायला आम्ही एका झाडाखाली भाकरी सोडल्या. आप्पा अजून कशातच बसले नव्हते. मामंजींनी कांदा फोडला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आप्पा, जलमभर लोकांच्या मशिनी ऐकल्यास. एका मशिनीवर बसायची छाती न्हाई तुझी. म्हनून आमाला कवायत."

पोरं हसली. आप्पा खाली बघून भाकरी चावत राहिले. मोठ्याईंनी त्यांच्या पानात चटणी वाढली. मला मामंजींचा राग आला, पण नवी सून, काय बोलणार?

जेवणानंतर मोठं चाक. एका पाळण्यात दोघांनी बसायचं. आमच्या जोड्या वहीत लिहिलेल्या होत्या आणि मोठ्याई एकट्या उरत होत्या. रांगेच्या तोंडाशी चाक चालवणारा माणूस उभा होता. पन्नाशीचा, टोपी घातलेला. आम्ही जवळ गेलो तसा तो आमच्यामागे बघून एकदम म्हणाला, "अरे काका, तुम्ही परत आलात?"

आप्पा वळून दुसरीकडे बघायला लागले.

"तुम्ही ओळखता यांना?" मी विचारलं.

"न ओळखायला काय झालं? मागल्या महिन्यात दिवसभर इथंच होते. सगळ्यांत बसले. त्या उलटं फिरणाऱ्या गाडीत तर पाच वेळा, दर वेळी वेगळ्या डब्यात. उतरले की त्या नळावर जाऊन ओकायचे, तोंड धुवायचे, परत रांगेत. आमच्या लोकांनी सांगितलं, काका बस करा आता. तर म्हणाले, घरच्यांना बसवायचंय." त्याने चाकाकडे हात केला. "ह्याच्यात चार वेळा बसले. चारही वेळा डोळे बंद."

दहीभाताचे ते दोन दिवस मला आठवले. मोठ्याईंनाही आठवले असावेत, कारण त्या आप्पांकडे नुसत्या बघत राहिल्या.

"खालनं ऐकलं म्हणाला व्हतास," मामंजी म्हणाले.

आप्पांनी सदऱ्याची बाही ओढली. चोरी पकडल्यासारखे ते म्हणाले, "रिकामं मशीन खोटं बोलतं. वजन टाकल्याबिगर त्याचं दुखणं कळत न्हाई. दुसऱ्या कुणाचं वजन टाकायचं व्हतं?"

मामंजींनी खांद्यावरची पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि थोरल्या भावापुढे धरली. आप्पांनी दोन घोट घेतले. माफी म्हणून आमच्या घरात याहून मोठं काही कधी घडलेलं मी बघितलं नाही.

रांग पुढे सरकली. मोठ्याई पाळण्यापाशी जाऊन थांबल्या. "मी एकटी न्हाई बसत," त्या म्हणाल्या. "वरनं दर्या दिसतो म्हनं. मी कुठं बघितलाय दर्या? मला कोण सांगणार कुठं काय ते?"

आप्पांनी एकदा चाकाच्या टोकाकडे बघितलं. मग चपला घट्ट केल्या आणि जाऊन त्यांच्या शेजारी बसले.

चाक फिरायला लागलं. एक फेरा झाला, पाळणा खाली आला आणि आमच्या समोरून पुन्हा वर निघाला, तेव्हा मला दोघं नीट दिसली. आप्पांनी दोन्ही हातांनी दांडी धरली होती. मान खाली, डोळे गच्च मिटलेले, ओठ पांढरे. मोठ्याईंचा एक हात त्यांच्या मुठीवर होता. दुसऱ्या हाताने त्या लांब कुठेतरी दाखवत होत्या आणि त्यांचं बोलणं थांबत नव्हतं. आप्पा मिटल्या डोळ्यांनीच होकाराची मान हलवत होते.

उतरल्यावर आप्पा कट्ट्यावर बसले. त्यांचा श्वास जागेवर येईपर्यंत आम्ही थांबलो. मग मामंजींनीच विचारलं, "काय दिसलं वरनं?" या वेळी त्यात टोमणा नव्हता.

"दर्या दिसला," आप्पा म्हणाले. "काठाला मातकट, पुढं निळा. तीन होड्या व्हत्या, एकीचं शीड लाल. अलीकडं नारळीची झाडं, वरनं अशी दिसत्यात जशी गवताची पेंढी. आणि लई लांब, आभाळ टेकलंय तिथं, एक जहाज. चालतंय का उभं हाय ते काय कळत न्हाई."

पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. मोठ्याई शेजारी उभ्या राहून खोचलेला पदर सोडवत होत्या.

"बरोबर सांगत्यात," त्या म्हणाल्या. "तसाच हाय."