मलेरियाभाऊंचा मनाचा सर्व्हे

माणसाच्या नुसत्या तोंडाकडे बघून मी त्याचा ताप सांगतो! थर्मामीटर लावतो तो फक्त थर्मामीटर बरोबर आहे की नाही हे तपासायला. एकतीस वर्षं आरोग्यसेवक म्हणून वैनगंगेच्या काठाकाठानं हिंडलो. हिवतापासाठी किती बोटांना सुई टोचली, ते त्या बोटांनाच ठाऊक. वामनराव हे माझं नाव फक्त हजेरीपटावर आहे. बाकी सगळा मुलूख मला ‘मलेरियाभाऊ’ म्हणतो.

निवृत्तीला चार महिने उरले असताना मला गडचिरोलीला मानसिक आरोग्याच्या ट्रेनिंगला पाठवलं. तीन दिवस! दोन वेळचं जेवण आणि शेवटी प्रमाणपत्र! तिथं एक कागद मिळाला. त्यावर नऊ प्रश्न. झोप लागते का, भूक लागते का, कशात मन लागतं का, असे. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. जितके गुण जास्त, तितका माणूस नापास. अशी मजेशीर परीक्षा मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

घरी आल्याआल्या बायकोला सांगितलं, “कांता, आता मी मनाचा ताप बी चेहरा पाहून सांगीन!”

“पयले भाजीत मीठ हाय का नाई ते सांगा,” कांता म्हणाली. “दोन घास खाता अन् उठता.”

मी प्रमाणपत्र भिंतीला लावण्यात गुंतलो होतो.

दुसऱ्याच दिवशी चिंचटोल्याच्या आशाताईचा, पायलचा, फोन आला. “भाऊ, गोकुळाबाईचं काई खरं नाई जी. चार महिने झाले, तलावावर जाळ्याच्या कामाले येत नाई. एकटीच बसून राह्यते. रात-रात जागी असते. दार लावून घेते अन् बोलत बी नाई. मले भेव लागून राह्यलं.”

गोकुळाबाई म्हणजे लहानूभाऊची बायको, आणि लहानूभाऊ म्हणजे माझी अर्धी नोकरी! नदीवर पूल नव्हता तेव्हा चिंचटोल्याला जायचं तर लहानूच्या डोंग्याशिवाय मार्ग नव्हता. एका टोकाला मी, मधे माझी सायकल आणि मांडीवर रक्ताच्या काचपट्ट्यांचा डबा. दुसऱ्या टोकाला लहानू बांबू टेकवत मार्कंड्याच्या जत्रेतले किस्से सांगायचा. मधोमध पाण्यात गेल्यावर मुद्दाम डोंगा हलवायचा आणि म्हणायचा, “भाऊ, आता तुमचा ताप किती?” पलीकडे उतरलो की गोकुळाबाई गरम भात आणि झिंग्याची चटणी वाढायची. पहिली सुई तिच्या बोटाला टोचायची, हा गावचा रिवाज. तिला पाहून बाकीचे बोट पुढे करत. काय दिवस होते ते! अंगात ताप यायचा, पण मनात नाही.

मग पूल झाला, डोंगा अंगणात उपडा पडला. गेल्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात लहानू जाळं विणता विणता बसल्या जागी गेला. मी तेरवीला गेलो होतो. काय बोलावं सुचेना, म्हणून गावच्या विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकून परत आलो. त्यानंतर त्या घराकडे फिरकलो नव्हतो. कामंच खूप होती.

तालुक्याच्या रुग्णालयात महिन्यातून एका गुरुवारी मनाच्या डॉक्टर येतात, नंदिनी मॅडम. गोकुळाबाईला त्यांच्यापर्यंत न्यायचं, एवढंच काम होतं. गाडी काढली आणि सरळ तिच्या ओट्यावर गेलो. ती अर्धी झाली होती. मी कागद काढून म्हणालो, “बाई, गुरुवारी मनाच्या डॉक्टरकडे जाऊ.”

“काऊन? मी पागल आहो का?” एवढं बोलून तिनं दार लावून घेतलं. एकतीस वर्षांत ते दार माझ्या तोंडावर पहिल्यांदा बंद झालं.

पण मी ट्रेनिंग घेतलेला माणूस! अशी युक्ती काढली की बस! एकटीलाच विचारलं म्हणून बाई बिथरली. सगळ्या गावालाच विचारलं तर? सर्व्हेच करायचा! बासष्ट घरं, त्यात एक तिचं. तिच्या घरी पोचेपर्यंत प्रश्न जुने झालेले असतील. तीही मुकाट्यानं उत्तरं देईल, पंधरा-वीस गुण मिळवेल आणि डॉक्टरांकडे न्यायच्या यादीत जाऊन बसेल. पायल मोबाईलच्या ॲपमध्ये गुण भरणार, मी प्रश्न विचारणार.

पहिलं घर मनसारामचं. हा गृहस्थ जेवून, ढेकर देऊन खाटेवर पडला होता.

“मनसाराम, कशात मन लागत नाई, असं होते का?”

“जेवण अन् मोबाईल सोडून कशातच लागत नाई जी.”

एकूण चार गुण. ठणठणीत माणूस! आम्ही पुढच्या घराकडे वळलो. आणि इथंच माझ्या हातानं घात केला.

आम्हा मलेरियावाल्यांची एक रीत आहे. घरभेट झाली की भिंतीवर गेरूनं तारीख आणि तपासणीचा आकडा लिहायचा. एकतीस वर्षांत हा हात दार दिसलं की आपोआप उठतो. एकदा तर मी सासऱ्यांच्या भिंतीवर तारीख टाकून आलो होतो. मी पायलशी बोलत होतो, आणि हातानं मनसारामच्या भिंतीवर तारीख घालून खाली भला मोठा ४ काढला. पुढच्या घरी ७. त्याच्या पुढच्या घरी २.

“भाऊ, हे काय करून राह्यले?” पायल किंचाळली. “मनाचं गुपित ठेवा लागते, असं तुम्हीच सांगतलं ना सकाळी!”

ट्रेनिंगचा अख्खा दुसरा दिवस त्याच विषयावर होता. मी रुमालानं पुसायला गेलो, तर गेरू आणखी पसरला. वर मनसाराम मागे येऊन उभा.

“भाऊ, माह्या घरी चारच काऊन? अन् शेजाऱ्याले सात?”

“अरे, चार चांगले!”

“चांगले कसे जी? मागल्या वेळी बी भिंतीवर आकडे टाकले होते. ज्याचा आकडा मोठा, त्याले घरकुल भेटलं!”

झालं! सरकारी माणूस भिंतीवर आकडा टाकतो म्हणजे घरकुल येणार, हे आमच्या भागात लहान पोराला कळतं. अर्ध्या तासात चिंचटोला दुःखात बुडाला! जिथं जाऊ तिथं माणसं कपाळाला हात लावून तयार. सकाळी तलावावर गाणी म्हणत जाळी ओढणारे गडी भिंतीला टेकून सुस्कारे टाकत होते. मनसारामनं ‘फेरतपासणी’ मागितली.

“भूक लागते का?”

“अन्न पोटात जात नाई जी,” तो म्हणाला आणि मिशीला लागलेलं वरण पुसलं.

धुरपताआजीला सत्तावीसपैकी सत्तावीस गुण झाले. तरी तिचं समाधान नाही. “माह्या गुडघ्याचे धरले का?” म्हणाली. “गुडघा मनात नाई येत आजी,” असं म्हटलं, तर तिनं डोळ्याला पदर लावला. “पाह्य बाप्पा, गरिबाचा गुडघा बी धरत नाई!” मग पायलनंच मला कोपरानं ढोसलं आणि आम्ही पुढे सटकलो. घरकुल नाही, घरकुल नाही, असं मी घसा बसेपर्यंत ओरडत होतो. पण सरकारी माणूस जितका नाही म्हणतो, तितकी योजना मोठी असते, हेही आमच्या भागात लहान पोराला कळतं.

उन्हं कलता कलता गोकुळाबाईच्या ओट्यावर पोचलो. या वेळी दार उघडं होतं. मला हायसं वाटलं. सगळा गोंधळ झाला, पण युक्ती फळली म्हणायची!

“बाई, झोप लागते का?”

“लागते.”

“भूक?”

“लागते.”

“कशात मन लागत नाई, असं...”

“लागते जी. सगळं बराबर हाय.”

डोळ्यांखाली काळं, हाताची हाडं दिसतायत, चुलीत राख थंड, आणि उत्तरं अशी! मी कागद खाली ठेवला. “बाई, खरं सांगा ना.”

“खरंच सांगून राह्यली. मले घर हाय भाऊ, लहानूनं बांधलेलं. ज्याले नाई, त्याचं नाव धाडा.”

एकूण गुण शून्य! बासष्ट घरांच्या चिंचटोल्यात सरकारदरबारी एकच बाई सुखी निघाली, आणि ती गोकुळाबाई! हात आपोआप उठला होता, तो पायलनं वरच्यावर धरला.

ॲपमधून सगळं दुसऱ्या दिवशी सकाळीच वर पोचलं. तालुक्याहून साहेबांचा फोन आला. “वामनराव, बासष्टपैकी सत्तावन्न घरं गंभीर? गावात झालं काय? पाणी तपासलं का?”

“पाणी चांगलं हाय सर.”

“मग गुरुवारी दहा सीटांची गाडी पाठवतो. सगळ्यात जास्त गुणांचे दहा जण आणा. आणि त्या शून्यवाल्या बाई आहेत ना, त्यांचा सत्कार करा! एवढ्या दुःखी गावात मन प्रसन्न ठेवलंय त्यांनी!”

आकडे बदलता येतात का, पायलला विचारलं. येत नव्हते. मी गाडीला किक मारली ती थेट चिंचटोल्याला. डोक्यात भाषण तयार होतं. बाई, चूक माझी आहे, घरकुल वगैरे काही नाही, तुम्ही आजारी आहात, लाजायचं कारण नाही. ट्रेनिंगमध्ये शिकवलेली वाक्यं, एकाहून एक सरस!

गोकुळाबाई ओट्यावर बसली होती. समोर डोंगा उपडा. तिनं पाण्याचा गडू पुढे केला. मी एक घोट घेतला आणि भाषणाऐवजी तोंडातून भलतंच निघालं.

“बाई, पुलावरून यायले मले जमत नाई. खाली पाह्यलं की तो दिसते. बांबू घेऊन.”

आणि मी रडलो. मी म्हणजे काय, हुंदके देऊन, नाक वाहेपर्यंत! गणवेशात! तेरवीला आलं नव्हतं ते सगळं वर्षभरानं आलं. धीर द्यायला आलेला माणूसच फुटला.

गोकुळाबाई घाबरून जवळ सरकली. “भाऊ! अहो भाऊ! झोप लागते का तुमाले?”

“नाई.”

“जेवण जाते का?”

मी नकाराची मान हलवली. तिनं बोटं मोडत एकेक विचारलं. आदल्या दिवशी ऐकलेले माझेच प्रश्न, न वाचता! आणि शेवटी कपाळाला हात लावला. “भाऊ, तुमचं तर काई खरं नाई. गुरुवारी डॉक्टर येते ना ते? मी नेते तुमाले. लहानू असता तर त्यानं नेलं असतं.”

गुरुवारी गाडी आली. तोवर पायलनं सरपंचाकडून दवंडी पिटवली होती, की यादीतल्या लोकांना घर नाही, गोळ्या मिळणार! एका रात्रीत अख्खा चिंचटोला खडखडीत बरा झाला. जागतिक विक्रमच तो! धुरपताआजीचा गुडघासुद्धा दुखायचा राहिला. दहा सीटांच्या त्या गाडीत दोनच माणसं बसली. गोकुळाबाई ठेवणीतलं लुगडं नेसली होती. तिनं माझा दंड असा घट्ट धरला होता की पोलिसांनीही धरला नसता. मनसाराम गाडीच्या खिडकीशी येऊन म्हणाला, “भाऊ, धीर धरा. मन कशात तरी लावत जा!”

केसपेपरवर माझं नाव. वय सत्तावन्न. सोबत कोण? “मी,” गोकुळाबाई म्हणाली, “भाऊ आमच्या घरचेच हायेत.” नंदिनी मॅडमनी दहा मिनिटं मला तपासलं, मग तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “वामनराव, तुम्ही जरा बाहेर बसा. मला तुमच्या नातेवाइकांशी बोलायचंय.”

मी बाकावर बसलो. पाऊण तास झाला. आतून आधी नुसता मॅडमचा आवाज येत होता. मग गोकुळाबाईचा यायला लागला, आणि मग फक्त तिचाच. किती महिन्यांचं साठलेलं असेल कुणास ठाऊक. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, हातात दुसरा केसपेपर होता.

“मॅडम म्हनते, मले बी आजार हाय,” ती म्हणाली. “औषध देल्लं. पुढल्या महिन्याच्या गुरुवारी दोघाईले बोलावलं. येऊ ना. तुमाले एकट्यानं जमणार नाई.”

मॅडम मागून आल्या. “वामनराव, फार हुशारीनं आणलंत त्यांना. रडण्याचं नाटक केलंत का?”

काय संधी होती! नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर निवृत्तीच्या सत्कारात तो किस्सा गाजला असता. मी छाती फुगवून तोंड उघडलं, आणि पुन्हा डोळे भरून आले. मॅडमनी माझा केसपेपर परत घेतला आणि पुढच्या तारखेखाली रेघ ओढली.

संध्याकाळी घरी आलो. कांता तांदूळ निवडत होती.

“नेलं पेशंटले?”

“नेलं. दोन होते.”

“एक गोकुळाबाई,” ती सुपातून मान वर न करता म्हणाली. “दुसरा मले वरीसभर दिसून राह्यला.”

“वर्षभर? मग सांगतलं काऊन नाई?”

“तुम्हीच ट्रेनिंग घेऊन आलते ना जी! मले वाटलं, तुमाले समजलंच असन.”