दारापाशी थांबलेली कादंबरी

रविवारच्या वाचनकट्ट्यावर या वेळी आपणही एक कादंबरी सुचवायची, असं कारकूनसाहेबांनी ठरवलं आणि तिथेच सगळं बिनसलं. ('साहेब' आपलं म्हणायचं. ऑफिसात त्यांना कुणी साहेब म्हणत नसे आणि कट्ट्यावर त्यांच्याकडे फक्त खुर्च्या मांडायचं काम असे.)

सुचवलेलं पुस्तक पसंत पडलं, तर महिनाभर सगळे तेच वाचत. हा मान त्यांना एकदा तरी हवा होता.

घरच्या कपाटात कापडी कव्हराची एक कादंबरी सापडली. ओसाड घर, आतून येणारी टकटक आणि बाहेर उभा एक डॉक्टर. साहेब जेवताना वाचू लागले, दात घासताना वाचू लागले. (एकदा पेस्टऐवजी दाढीचं क्रीम लागलं, पण टकटक काही थांबेना.) शेवटच्या पानावर डॉक्टरनं कडीला हात घातला आणि पुस्तक संपलं!

कट्टा या वेळी त्यांच्याच घरी होता.

"मग आत कोण असतं?" दंतवैद्यांनी विचारलं.

"तेच तर! लेखक सांगतच नाही. दार वाचकानं उघडायचं."

मास्तरीणबाईंनी चष्मा काढला. (त्या सहसा कुणासाठी काढत नसत.) "धाडसी शेवट आहे हो!"

"आत त्याचा हरवलेला भाऊ असणार."

"छे! आत तो स्वतःच असणार."

चर्चा अशी रंगली की साहेब खुर्ची सरकवायला उठले, तर दंतवैद्य म्हणाले, "तुम्ही बसा हो, मी आहे ना!" साहेबांना भरून आलं.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. "कशाबद्दल चाललंय?"

"त्या दारामागे काय असेल, याबद्दल."

"बकरी."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"शिंगं आपटत असते बिचारी. पुढे डॉक्टर तिला घेऊन निघतो…"

"पुढे? अगं, पुढे काही नाहीच!"

"नाही कसं? पुढचं माझ्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये आहे. जाडजूड पुस्तक झोपून वाचताना नाकावर पडतं, म्हणून कापलं आणि शिवून कव्हरं घातली."

मास्तरीणबाईंनी चष्मा परत लावला. पुस्तक पसंत पडलं खरं, पण बायकोच्या नावावर. बकरीचं पुढे काय होतं, हे सगळ्यांनाच हवं होतं.

साहेबांनाही. त्यांनी ड्रॉवरमधला भाग काढून झपाट्यानं संपवला आणि पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी उभे राहिले. "बकरी कड्याच्या टोकावर जाते, खाली वाकून बघते आणि कादंबरी संपते! काय शेवट आहे!"

"अहो," बायको हळूच म्हणाली, "तो मधला भाग. शेवटचा शेजारच्या काकूंनी नेलाय."

साहेब मुकाट्यानं खुर्च्या आवरू लागले. त्या तरी अख्ख्या होत्या.