निकम सरांची हरवलेली उष्णता

एप्रिलच्या दुपारी, सुरतेत, चालू पंखा बंद करणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या मराठी शाळेतले रसायनाचे निकम सर. प्रयोगशाळेत शिरले की आधी पंखा, मग खिडक्या, मग दाराखालच्या फटीला ओलं पोतं. घामाने निथळणाऱ्या मुलांना म्हणत, "कोणी फुंकर मारू नका. चोर खोलीतच आहे."

चोर म्हणजे उष्णतेचा. प्रयोग तसा साधा. निरनिराळ्या अल्कोहोलांचे दिवे पाळीपाळीने पेटवायचे, वर तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवायचं. पाणी किती तापलं, दिवा वजनाला किती घटला, यावरून किती उष्णता निघाली ते काढायचं. सरांचं उत्तर कायम पुस्तकातल्या आकड्याच्या जेमतेम निम्मं. बाकीची उष्णता हवेत जाते, असं ते दरवर्षी मुलांना शिकवत. स्वतःला मात्र ते पटत नसे. "जाते म्हणजे काय? अडवली पाहिजे!"

अडवायला त्यांनी साडीच्या खोक्यांचे पुठ्ठे आणले, आतून चांदीचा कागद लावला आणि दिव्याभोवती आडोसा केला. पुठ्ठ्यावरची नटलेली बाई सगळा प्रयोग हसत बघत असे. आमचा शिपाई दारातून ओरडायचा, "आखुं सुरत दारू शोधे छे, ने आ साहेब बाळे छे!" सगळं गाव जी शोधतं ती साहेब जाळतात, याचं त्याला नवल.

माणसंही ते याच मापाने मोजत. मुख्याध्यापक म्हणजे ब्युटेनॉल: "ऊब पुष्कळ, पण काजळी केवढी!" मला म्हणत, "तुम्ही मिथेनॉल. पेटलाय की नाही, उजेडात कळतच नाही."

मी मराठी शिकवतो. तरी शाळा सुटल्यावर पाणी ढवळायला आणि थर्मामीटर वाचायला सर मलाच धरून नेत. निवृत्तीपूर्वी एकदा तरी पुस्तकाच्या जवळ जायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

शेवटच्या वर्षी बाटलीत इथेनॉल एका खेपेपुरतं उरलं होतं. दारूबंदीच्या राज्यात नवी बाटली मिळेपर्यंत सर निवृत्त झाले असते. पत्नीच्या दिवसकार्यानंतर मी नुकताच कामावर परतलो होतो. स्टाफरूममध्ये मी आलो की सगळे एकदम परीक्षेच्या पेपरांविषयी बोलू लागत. निकम सर एवढंच म्हणाले, "चला, आज शेवटचा."

सगळं बंद केलं. ज्योत सरळ उभी राहिली. पारा पूर्वी कधी चढला नव्हता इतका झरझर चढू लागला. सरांचा आवाज चिरकला. "किती झालं, सर? वाचा, वाचा!"

मी डोळे थर्मामीटरजवळ नेले. पत्नीच्या आजारपणात रोज संध्याकाळी मी थर्मामीटर घेऊन खिडकीपाशी जाऊन असाच तिचा ताप बघत असे, आणि ती आतून विचारत असे, "किती आहे हो?" मी एक डिग्री कमी करून सांगायचो. आता आकडे एकमेकांत मिसळले. मला काही वाचता येईना.

"सर?" निकम सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले, फटाफट खिडक्या उघडल्या, पंखा पूर्ण सोडला. आडोसा कोलमडला, ज्योत विझली.

"अहो, तुमचा आकडा!"

"राहू द्या तो." त्यांनी माझ्यासमोर स्टूल ओढलं. आमच्या इतक्या वर्षांच्या ओळखीत ते माझ्याशी पहिल्यांदाच त्यांच्या घरच्या अहिराणीत बोलले. "मनी गई तवय माले कोनीच काही इचारं नही."

त्यांचं लग्न झालं होतं, हेही मला ठाऊक नव्हतं; पत्नी गेल्याचं तर दूरच.

घामेजलेल्या अंगाला वारा गार लागत होता. मग त्यांनी विचारलं, "वहिनींचं नाव काय होतं, सर?"

घरी आता त्या नावाने हाक मारायचं कारण उरलं नव्हतं. मी ते नीट, सावकाश उच्चारलं. "सुमन."

"कशा होत्या? सांगा ना," निकम सर म्हणाले, आणि मी सांगू लागलो.