आवाज करणारं टेबल

त्या दिवशी दुपारी विवेक खुर्चीत बसून काम करत होता आणि गेला. मी बाजारात होते. राव मामा खाली होते.

विवेक माझा नवरा. राव मामा आमचे घरमालक. इकडे तमिळ मुलखात, मैलापुरातल्या त्या दुमजली घरात खाली ते एकटे राहतात, वर आम्ही राहायचो. दिवसकार्य झालं, पुण्याहून आलेली माणसं परत गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामा वर आले. दोन शब्द बोलायला आले असतील असं वाटून मी चहा टाकायला उठले. मामांनी कोपऱ्यातली खुर्ची उचलली आणि जिन्याकडे चालू लागले. मग परत येऊन दुसरी नेली. जेवणाच्या टेबलाच्या नेल्या, गॅलरीतली नेली, स्वयंपाकघरातलं स्टूल नेलं. विवेकची कामाची, चाकांची खुर्ची शेवटी नेली. तिला हात न लावता, पंच्याने धरून, आजारी जनावराला न्यावं तशी ढकलत. जाताना "बसूं नको, मा," एवढंच म्हणाले.

त्यानंतर बरेच दिवस माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाने उभ्याउभ्या सांत्वन केलं. त्यामुळे सांत्वनं आटोपशीर झाली, हा एक फायदा.

मामा समजायचे तर आधी त्यांची नोकरी समजली पाहिजे. ते विमा कचेरीत होते, आणि तिथेही मृत्यूच्या दाव्यांच्या विभागात. माणसं कशी जातात हे वाचण्यात त्यांचं उमेदीचं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर कचेरी सुटली, केसेस सुटल्या नाहीत. मामांचं कुठलंही बोलणं "एक केस होती" इथून सुरू होतं. एक केस होती, माणूस इडली खात होता. एक केस होती, माणूस नारळाच्या झाडाखाली पत्ता विचारायला थांबला. एक केस होती कुंभकोणमची, माणूस हसता हसता गेला. म्हणून मामा विनोद जपून ऐकतात. पंख्याच्या बरोबर खाली झोपत नाहीत. मार्गळीच्या, म्हणजे धनुर्मासाच्या, दिवसांत संगीतसभेतलं गाणं ऐकायला जातात ते शेवटच्या रांगेमागे, दाराला पाठ लावून उभे राहतात, आणि तिथूनच मान डोलावतात. विवेकला या केसेस फार आवडायच्या. संध्याकाळी मुद्दाम खाली जाऊन तो विचारायचा, "मामा, आज कोण गेलं?"

मामांची मराठी तंजावरची. पिढ्यान्पिढ्या तमिळच्या शेजारात राहिलेली, आमच्या पणजोबांच्या पत्रांत सापडावी तशी. वाक्याचा शेवट मात्र तमिळसारखा उंच जातो, आणि मध्ये कुठेतरी एक "सरि", म्हणजे "बरं", येऊन बसतं. त्यांचा मुलगा परदेशात असतो, तो फोनवर इंग्रजीत बोलतो. घरात मराठी बोलायला त्यांना विवेक होता. मला ते आधी अहोजाहो करत. विवेक गेला त्या दिवसापासून "तूं" आणि तमिळमधलं लाडाचं "मा" म्हणू लागले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की हृदय बंद पडलं, त्याचा बसण्याशी संबंध नाही, झोपेतसुद्धा झालं असतं. हे मी मामांना समजावून सांगितलं. परिणाम एवढाच झाला की ते झोपेकडेही संशयाने पाहू लागले.

मी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासते. घरी बसून म्हणण्याची आता सोय नव्हती. स्वयंपाकाच्या ओट्यावर कागद पसरून मी उभ्याने काम करू लागले. ओटा मला ठेंगणा पडतो, त्यामुळे मान आखडली. एका कवितासंग्रहाच्या मुद्रितावर हळदीचा डाग पडला आणि प्रकाशकांनी अतिशय सौजन्याने विचारलं की सगळं ठीक आहे ना. मी मामांकडे एक खुर्ची परत मागितली. त्यांनी दिली नाही. दुसऱ्याच दिवशी मात्र ते अण्णा नगरात राहणाऱ्या पुतणीकडे जाऊन आले. तिच्याकडे बटण दाबलं की वर-खाली होणारं टेबल होतं. बसून काम करायचं, मग टेबल वर घ्यायचं आणि उभं राहून करायचं. मामा परत आले ते ठरवूनच.

आम्ही नुंगंबाक्कमच्या एका दुकानात गेलो. मामांच्या पिशवीत शिंप्याची टेप, थर्मास आणि घरचा डबरा-टंबलर, म्हणजे कॉफीची वाटी आणि पेला, होता. टायवाल्या विक्रेत्याने एक पत्रक पुढे केलं. कोणत्या उंचीच्या माणसाने टेबल किती वर घ्यावं, ते त्यात छापलेलं होतं. मामांनी ते वाचून परत केलं. हें बूट घालणाऱ्यांचें आहे, म्हणाले, ही घरांत अनवाणी असते. मग भर दुकानात मला चपला काढायला लावून त्यांनी जमिनीपासून माझ्या कोपरापर्यंत माप घेतलं. कोपर काटकोनात हवं, खांदे सैल हवेत. मी खांदे सैल सोडले. बऱ्याच दिवसांनी सोडले होते, हे तेव्हा कळलं.

पहिलं टेबल दिसायला सुरेख होतं. मामांनी ते पार वरपर्यंत चढवलं, त्यावर टंबलर ठेवला, थर्मासमधली कॉफी अगदी काठोकाठ ओतली आणि दोन्ही हातांनी टेबलावर टाइपरायटर बडवल्यासारखी बोटं आपटली. टेबल डुगडुगलं, कॉफी सांडली. विक्रेता फडकं आणायला धावला.

"टंबलरांतली कॉफी सांडते," मामा त्याला तमिळमध्ये आणि मग मला मराठीत म्हणाले, "तर डोक्यांतलें काम नाहीं सांडणार?"

दुसऱ्या टेबलाने कॉफी सांभाळली. विक्रेता खुलला. याला दोन मोटारी आहेत, म्हणाला, आवाज अजिबात नाही, शेजारी झोपलेलं बाळ उठणार नाही. त्याने बटण दाबलं. टेबल धुरासारखं वर गेलं. मामांचा चेहरा उतरला.

"आवाज नाहीं?"

नाही, विक्रेता अभिमानाने म्हणाला.

मग नको, मामा म्हणाले. आवाज करणारं दाखवा.

त्या गृहस्थाची सगळी नोकरी आवाजाबद्दल माफी मागण्यात गेली असावी. आवाज हवा म्हणणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलेलं नव्हतं. ऐकू येण्याची अडचण आहे का, असं त्याने मला हळूच विचारलं. मामांना ते स्पष्ट ऐकू आलं. शेवटी मागच्या बाजूला, खोक्यांच्या आड, एका मोटारीचं जुन्या धाटणीचं टेबल निघालं. बटण दाबताच ओलं वाटण घातलेल्या मिक्सरसारखं घरघरलं. कॉफीच्या परीक्षेत उतरलं. तरी मामांचं समाधान होईना. धोतर सावरत ते खाली बसले, एक हात टेकला आणि दुकानाच्या फरशीला कान लावला. "वर घे," म्हणाले. विक्रेत्याने माझ्याकडे पाहिलं, मी टेबलाकडे. टेबल वर गेलं, खाली आलं.

"सरि. हेंच."

उठताना विक्रेत्याने त्यांना हात दिला आणि विचारलं की बाईंना पाठीचा त्रास आहे का. मामा म्हणाले, "एक केस होती. मैलापुरांतच. माणूस खुर्चींत..." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टंबलरमधली कॉफी परत थर्मासमध्ये ओतली, झाकण घट्ट केलं. मामांनी अर्धी सोडलेली ती एकच केस मला माहीत आहे.

टेबल घरी आल्यावर कुठे ठेवायचं हे मी ठरवलं नाही. मामा खाली गेले आणि केरसुणीच्या दांड्याने स्वतःचं छत ठोकू लागले. जिथे ठोकत होते, तिथवर मी आणि टेबल घेऊन आलेली माणसं ते सरकवत गेलो. ती जागा खिडकीपासून लांब होती. मी तसं वरून ओरडून सांगितलं. उत्तरादाखल पुन्हा ठोकलं गेलं.

टेबलाची सवय व्हायला वेळ लागला. पहिल्यांदा वर घेतलं तेव्हा वायर ताणली गेली आणि लॅपटॉप कडेला आला, मी दोन्ही हातांनी धरला. दिवसभर उभीच राहिले तर पाय भरून आले. मामांना ते कळताच एका ट्रॅफिक पोलिसाच्या पायांतल्या शिरांची केस निघाली आणि एक खुर्ची मला परत मिळाली, त्यांच्या घरातली, बिनचाकांची. आता थोडं बसायचं, थोडं उभं राहायचं. पायांखाली त्यांनी दिलेली जाड सतरंजी. मी विसरून बराच वेळ बसून राहिले की खालून दांड्याचा आवाज यायचा. मी टेबल वर घ्यायची. खरं सांगायचं तर मलाही ते हवं होतं. त्या खोलीतल्या शांततेची मला भीती वाटायची. शांत झालं की मी मागे वळून पाहायची.

मग एक दिवस सकाळीच वीज गेली. आमच्या भागात तारांची कामं निघाली की दिवसभर येत नाही. टेबल वरच अडकलं. मी उभ्याने काही पानं वाचली, फोन स्वयंपाकघरात बंद होऊन पडला होता, उकाडा होता. दुपारी सतरंजीवर जरा पाठ टेकली आणि गाढ झोपले.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. दूध आणायला म्हणून दार उघडलं तर मामा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेले. हातात आमच्या घराची किल्ली होती. अंगातला सदरा घामाने पाठीला चिकटला होता. मीही घाबरले. मला वाटलं त्यांनाच काही होतंय. मी त्यांना दंडाला धरून आत आणलं, खुर्चीत बसवलं. ते मुकाट्याने बसले. पाणी दिलं.

वीज गेली होती मामा, टेबल चालणार कसं, मी म्हटलं.

"वीज गेली हें ठाऊक होतें. ठाऊक असून काय?"

मग हाक का नाही मारली, मी विचारलं. दार का नाही वाजवलं.

"हाक मारली आणि तूं बोलली नाहींस तर?" पाण्याचा पेला त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. "त्या दिवशीं मी खालींच होतों, मा. पेपर वाचत होतों. वर कांहीं आवाज नव्हता. मज बरें वाटलें. म्हटलें, आज मुलगा शांतपणें काम करतो आहे."

मी कॉफी करायला आत गेले, तर दूध नव्हतं. तशीच परत आले. मग, काहीतरी विचारायचं म्हणून, किंवा कदाचित तेच विचारायचं होतं म्हणून, विचारलं की माझं तुम्हाला टेबलावरून कळतं, तुमचं मला कशावरून कळायचं.

मामांना नवल वाटलेलं दिसलं.

"दुपारीं मी खलबत्त्यांत कुटतों, तें ऐकूं येत नाहीं तुज?"

येतं की, मी म्हटलं. रसमची मिरी कुटता ना.

"एकट्या माणसास इतकी मिरी?" मामा म्हणाले. "रिकामाच कुटतों."

तो खलबत्ता मी रोज ऐकत होते. दुपारच्या वेळी नको होतं हे, असं मनात म्हणतही होते.

वीज संध्याकाळी आली. बटण दाबून मी टेबल खाली घेतलं. मामा ते पूर्ण खाली येईपर्यंत उभे राहिले, मग कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले.

बहीण पुण्याला ये म्हणते. मी तिला अजून हो म्हटलेलं नाही. मामांचा मुलगाही त्यांना बोलावतो, आणि विमानातल्या एका केसचं कारण सांगून ते टाळतात.

आता वर मी आहे, खाली मामा आहेत. दुपार झाली की दोघांनाही भीती वाटते.