मोठ्या आकड्याचा पिकअप

सिंगल कॉइल पिकअपचा आउटपुट, म्हणजे आवाजाचा जोर, कसा ओळखावा, या विषयावर मी कोणाशीही वाद घालू शकतो! फक्त समोर कोणी बसलेलं नको, एवढीच अट. माणूस समोर आला की माझी मतं मांजरासारखी पलंगाखाली शिरतात.

पण या खेपेला माझी तयारी पक्की होती. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली एक पट्टी असते. तिच्यात चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. तोच पिकअप. वेटोळं एकच असलं की तो सिंगल कॉइल. गिटारची तार थरथरली की तो ती थरथर पकडून अ‍ॅम्प्लिफायरकडे धाडतो. ग्रंथपालाची नोकरी संपल्यापासून मला वेळच वेळ. सापडेल ते वाचलं, आणि त्यातलं निम्मं तरी समजलं असावं.

गिटार आमच्या हिची. तरुणपणी ही ऑर्केस्ट्रात वाजवायची आणि मी शेवटच्या रांगेत पुस्तक वाचण्याचं सोंग करून ऐकत बसायचो. मुलीच्या बाळंतपणाला म्हणून गेली, ती गेलीच! ते बाळ आता पळायला लागलं, तरी हिचा पाय तिथून निघेना. फोनवर मी विचारायचो, “तिकडे हवा कशी आहे?” विचारायचं असायचं भलतंच.

आता ही येणार होती, तीही उन्हाळ्याचे कपडे न्यायला! मुक्काम फक्त एका रात्रीचा. गिटारचा पिकअप कधीचाच मेला होता. म्हणून माझा बेत असा: नवा पिकअप बसवायचा, ही वाजवायला बसेल आणि जायचं विसरेल.

दुकानदाराने एकेका पिकअपला तारेचा विद्युतरोध मोजायचा मीटर लावला.

“हा घ्या काका! आकडा बघा, आकडा! सगळ्यांत मोठा!”

“आकडा मोठा म्हणजे आवाजही मोठा ना?” मी भीत भीत विचारलं.

“अहो, पहिलवान आहे पहिलवान! शिवाय आत मेणबिण काही ओतलेलं नाही. एकदम शुद्ध माल!”

शुद्ध म्हटल्यावर मी विरघळलो.

घरी सोल्डरिंग करताना एक चटका टेबलक्लॉथला बसला, एक माझ्या अंगठ्याला, आणि उरलासुरला पिकअपला. खोलीतली जागा पुस्तकांनी खाल्लेली, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर गॅलरीत ठेवला. बटण दाबलं आणि गुंऽऽऽ! जणू मधमाश्यांचं अधिवेशनच!

“वा! काय हा आउटपुट!” मी हरखलो. गिटार फ्रीजजवळ नेली की आणखी वाढायचा! मग तार छेडली. टिंग. तीही नवख्या पाहुण्यासारखी, लाजत लाजत.

मी आवाजाचं बटण पार टोकाला नेलं. गुणगुण इतकी वाढली की कानातलं श्रवणयंत्र काढून खिशात टाकलं. यंत्राशिवाय मला ढोलसुद्धा कुजबुजल्यासारखा वाटतो. मग पिकअप तारांच्या जवळ आणायला मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन गिटारवर ओणवा झालो.

एकटं राहून मला एक खोड लागली आहे. माणसांना जे सांगायचं, ते मी आधी वस्तूंना सांगून बघतो.

“अगं, जाऊ नकोस ना,” मी पिकअपला म्हणालो. “ती पिशवी खाली ठेव आधी. ठेव म्हणतो ना! तुझी उशी मी अजून उन्हात घालतो. चहा दोघांचाच टाकला जातो, हात ऐकतच नाही. घर कसं शांत आहे, वाचायला फार चांगलं. पण वाचलेलं सांगू कोणाला?”

मी आपला पुटपुटत होतो. तेच पुटपुटणं गॅलरीतला अ‍ॅम्प्लिफायर सगळ्या इमारतीला खणखणीत ऐकवत होता, हे मला काय ठाऊक!

दार हादरायला लागलं तेव्हा उठलो. बाहेर जिना माणसांनी भरलेला! वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड त्या दिवशी जागा सोडत होतं. हमाल कपाट घेऊन माझ्या दाराखालच्या वळणावर पोचले असतानाच आकाशवाणी झाली, “खाली ठेव आधी!” त्यांनी बिचाऱ्यांनी ठेवलं. कपाट तिथेच जे फसलं, ते हलेना.

मी घाईघाईने यंत्र कानात घातलं.

“काका, आमचा एवढा लळा होता, तर कधी बोलला नाहीत हो!” वरच्या वहिनी डोळे पुसत होत्या.

“ते असू दे,” त्यांचे यजमान म्हणाले. “हिची उशी तुमच्याकडे कशी?”

तेवढ्यात कपाटामागून आवाज आला, “अहो!”

कपाट आणि भिंतीमधल्या फटीतून आधी एक हात आला, मग चष्मा, मग अख्खी ही! पिशवी मात्र फटीत मावेना. ती पलीकडेच राहिली.

“कधी आलीस?”

“उशीपासून उभी आहे.”

आत येऊन तिने पिकअपवर नख वाजवलं. ठक्! गॅलरीत कोणी दार ठोठावल्यासारखं ऐकू आलं.

“आकडा बघून घेतलात ना? तार बारीक वापरली तरी आकडा फुगतो, त्याने जोर येत नाही. याचा चुंबक मेंगळट आहे. आणि मेण नाही म्हणून वेटोळी सैल. समोर बोललं तरी थरथरतात. गिटार कमी नि तुम्हीच जास्त ऐकू येताय!”

“मग मेणात बुडवू?”

“बुडवलंत की तुमचं बोलणं बंद.” तिने गिटार मांडीवर घेतली. “राहू दे जरा तसंच.”

आता बोलायलाच हवं होतं. मी तोंड उघडलं.

“प्रवास कसा झाला?” मी विचारलं.

ती हसली. “कपाट निघेपर्यंत वाजवते. एकदा घुसले, पुन्हा काही त्या फटीतून जायची नाही मी.”

“काका!” जिन्यातून हमाल ओरडले. “जरा वरून ढकला हो! तेवढ्याने सुटेल!”

मी लगबगीने बाहेर गेलो. कोणी बघत नाही ना, ते पाहिलं. कपाटाचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि सगळा जीव एकवटून आपल्याकडे ओढला.

माझा आउटपुट तसा बेताचाच. पण तेवढ्याला पुरला.