रिकामे न गेलेले तबक

"ज्या गावाला समुद्र नाही, त्या गावाला सुशी करायचा अधिकारच नाही!"

मात्सुमोतोतल्या नव्या घरात पहिला घास गिळून इसाओ कुरामोची यांनी असा निकाल दिला. निकालामागे हिमी बंदरावरच्या मासळीच्या लिलावात सदतीस वर्षे ओरडल्याचा अनुभव होता. आसन मात्र भांड्यांच्या बंद खोक्याचे होते आणि पायात एकच मोजा. दुसरा सामानात कुठेतरी होता.

मुलीने फोनवरून सुशी मागवून दिली होती. घंटा वाजली तेव्हा दारात काळे तबक झाकून ठेवलेले, आणणारा पसार.

"लाज वाटली असेल त्याला," इसाओ म्हणाले. "भात बघ. चेंडू आहे चेंडू!"

"अहो, खा ना मुकाट्यानं. डोंगरातलं गाव आहे."

"म्हणून म्हणतो, परत जाऊ. सामान अजून बांधलेलंच आहे. अर्धं काम झालंय!"

त्यांच्या बायकोने, त्सुनेकोने, हातातला घास परत तबकात ठेवला. पलीकडच्या गल्लीत मुलगी होती, दोन महिन्यांची नात होती. नवऱ्याला इथे करमले नाही, तर दोघींना सोडून बंदर गाठावे लागणार.

सुशी संपली की तबक धुऊन दाराबाहेर ठेवायचे, दुकानवाला येऊन नेतो. त्सुनेकोने ते धुतले. इसाओंनी आत चिठ्ठी घातली. सात दोष, क्रमांकासह. तिसरा : 'हा ट्युना समुद्रातून इथवर चालत आला असावा.' सहावा : 'भात दाबणाऱ्याचे माशाशी जुने वैर आहे काय?'

अर्ध्या तासात तबक गेले. त्यानंतर दहा मिनिटांनी पुन्हा घंटा. दारात सुशीवाला, हातात लाल तबक.

"माफ करा हं. पत्ताच सापडेना."

"मग मघाचं कुणाचं?" त्सुनेकोने विचारले.

"काळं तबक? ते शेजारचे त्सुचियासान. नवीन कुणी आलं की स्वतः करून दारात ठेवतात. फार लाजाळू." त्याने आवाज खाली आणला. "त्यांनी हे सुरू केल्यापासून नव्या बिऱ्हाडांची आमच्याकडची मागणी वाढलीय."

तो गेल्यावर त्सुनेकोने लाल तबक खोक्यावर ठेवले. "शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ नये म्हणतात..."

"रिकामं कुठं दिलं?" इसाओ क्षीण आवाजात म्हणाले.

नव्या बिऱ्हाडाने शेजाऱ्यांना टॉवेल देऊन ओळख करून घ्यायची असते. माफीही त्यातच गुंडाळून द्यावी, असे ठरले. टॉवेलांचे खोके शोधता शोधता तिसऱ्यांदा घंटा वाजली. ऐंशीच्या घरातले त्सुचियासान चिठ्ठी हातात धरून कमरेपर्यंत वाकले होते.

"सात!" ते म्हणाले. "बायको गेल्यापासून चौदा वर्षं करतोय मी सुशी. अख्खी इमारत 'वा, वा' म्हणते. खरं सांगणारे तुम्ही पहिलेच."

"अहो, ते मी... म्हणजे आम्हाला वाटलं..."

"आता मागं हटू नका, गुरुजी. दर मंगळवारी एक दोष घेऊ. सात मंगळवार."

त्सुनेकोने त्यांना आत बसवून लाल तबक पुढे केले. एक घास घेताच त्सुचियासाननी चिठ्ठी उघडली आणि त्यांचा चेहरा उजळला. "दोष क्रमांक दोन! यांचाही भात कडक!"

'गुरुजी' ऐकल्यापासून इसाओंची पाठ ताठ झाली होती. "सात मंगळवारांत काय होतंय?" ते म्हणाले. "निदान वर्ष तरी लागेल."

त्सुनेकोने पाहुणा दाराबाहेर पडायचीही वाट पाहिली नाही. कात्री घेऊन ती भराभर खोक्यांच्या दोऱ्या कापू लागली.

त्सुचियासान गेल्यावर इसाओ खिडकीतून डोंगरांकडे पाहत राहिले. "या लोकांना सुशी म्हणजे काय, ते कुणीतरी दाखवायलाच हवं होतं."

"हो ना."

थोड्या वेळाने एका मोज्याची पावले स्वयंपाकघराच्या दाराशी आली.

"अगं, तेवढं मंगळवारच्या आत... भाताला पाणी किती घालतात, सांगशील का?"